टाळूचं तेल

शांते, आमची बैलगाडी अणदुरातून निघाली तेव्हा तू दारात रडत उभी होतीस, आणि आपल्या सासूबाई मात्र चाकापाशी येऊन माझ्या मांडीवरच्या बाळीच्या टाळूवर तेल थापत होत्या. रझाकारांच्या भीतीनं आम्ही घरदार सोडून सोलापूरला पळत होतो, गावात सांगितलं होतं नळदुर्गाला बारशाला जातोय, आणि यांचं लक्ष टाळूकडं! "कोरडी पडू दिऊ नगंस गं. अन् हगवन लागली तर पानी तोडायचं, ध्येनात ठिव." त्या स्वतः आल्या नाहीत. खंडोबाला दिवा कोण लावणार, म्हणाल्या.

सोलापुरात ह्यांना गिरणीत काम मिळालं. एका खोलीत संसार, भोंग्यावर उठायचं, नळावर भांडायचं. भांडायला मी लवकर शिकले. पण त्या उन्हाळ्यात बाळीला जुलाब सुरू झाले. ती मलूल पडली, टाळू खोल गेली. मी सासूबाईंचा शब्द मोडला नाही. पाणी बंद केलं, आणि बसलेली टाळू भरून यावी म्हणून तेलावर तेल घालत राहिले. लेकरू वाटीकडं बघून ओठ हलवायचं. माझा जीव तुटायचा, तरी मी वाटी लपवायची.

शेवटी शेजारणीनं मला ओढतच दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सबाईंनी आधी ते तेल पुसलं, मग मला चांगलंच झापलं. "अहो बाई, टाळू तेलानं भरत नसते. अंगातलं पाणी गेलंय, ते तोंडानं परत द्या." उकळून गार केलेलं पाणी, चिमूटभर मीठ घातलेली भाताची पेज आणि अंगावरचं दूध, असं थोडं थोडं पाजत मी तिथंच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी बाळीनं माझं लुगडं ओलं केलं. ओल्या लुगड्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नाही.

निझामी संपली, वाट मोकळी झाली, तशा सासूबाई नातीला बघायला आल्या. मी भीत भीत सगळं सांगितलं. वाटलं, आता तोंड सुटणार. त्यांनी बाळीला मांडीवर ओढून घेतलं. मग बाळीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुज्या नवऱ्याच्या आदी माजी दोन लेकरं अशीच गेली. पानी पानी करत. म्याच तोडलं हुतं गं." मी त्यांना जवळ घेतलं. सासूला जवळ घ्यायची आपल्यात रीत नाही, पण तिथं बघायला कोण होतं?

हे तुला आजवर बोलले नव्हते. तुझ्या नाम्याला जुलाब झाले, तेव्हा पाणी तोडा म्हणणाऱ्या बायकांना सासूबाईंनी अंगणातूनच पिटाळलं आणि स्वतः पेज पाजत बसल्या. म्हातारीला झालंय तरी काय, असं तू कळवलं होतंस. झालं होतं ते हे.

आता नाम्या बैलांमागं पळतो, बाळी शाळेत जाते. आमचं गावाकडं येणं कमी झालंय. तरी कुणी घर विचारलं की मी अणदूरच सांगते. तिथं टाळूच्या तेलाशेजारी आता पेजेची वाटी असते, आणि ती माझ्या सोलापूरच्या खोलीतून गेलीय.