धारेच्या वेळेचा क्लास

"फोन करू नका म्हणून कोण म्हणालतं? मी का तू?"

"संध्याकाळचा करू नका म्हणालतो, आक्का! बापाला लकवा मारला तरी करू नका, असं न्हवतं म्हणालो."

"आणि सांगिटलं असतं तर काय केली असतीस? इमानातनं उडी टाकली असतीस?"

"आलो असतो की!"

"आणि परीक्षा?"

पूर्णिमानं मागं वळून बघितलं. आतल्या खोलीत पलंगावर तिचे वडील, आण्णा, पडून होते. उजवी बाजू लुळी, ओठ एका अंगाला ओढलेले, बोलणं बंद. दिवाळी सरली आणि ते गोठ्यात पडले. लेकीची जपानी भाषेची परीक्षा डिसेंबरात होती. ती होईतोवर आईनं, आक्कानं, सगळ्या गावाला, कसबा बावड्याला दटावून ठेवलं होतं, पोरीला कुणी कळवायचं नाही म्हणून. परीक्षा झाल्यावर कळलं, तशी ती दोनच दिवसांची सुटी काढून आज येऊन पोचली होती.

चार वर्षांपूर्वी नर्सिंग करून पूर्णिमा जपानला गेली, नागानोजवळच्या एका वृद्धाश्रमात कामाला. दिवसभर म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, भरवायचं, कुशीवर वळवायचं. खोलीवर आली की तोंडावर पाणी मारून लॅपटॉपसमोर बसायचं, जपानीच्या ऑनलाइन क्लासला. कुकरमधला भात तसाच निवून जायचा. एकदा ती वहीवरच झोपली, तर गालावर उठलेली शाई पुसायला क्लासच्या बाईंनी तिला सगळ्यांसमोर पाठवलं होतं. आता एकच परीक्षा उरली होती, सेवेच्या कामाची, जानेवारीत. तीही जपानीतच. पास झाली तर तिथं कायमचं काम. नाहीतर परत.

इथं संध्याकाळी मोरी म्हशीच्या धारेची वेळ झाली, की तिकडं क्लासची व्हायची. आण्णा नेमका तेव्हाच फोन लावायचे. फोन सदऱ्याच्या खिशात, हात धारेला.

"आयकतीस न्हवं? मोरीची धार हाय ही."

"आण्णा, क्लास चालूय. बाई बघायल्यात."

"बरं बरं, ठेव. शीक."

मग एक दिवस ती चिडून म्हणाली, संध्याकाळी फोनच करू नका. तेव्हापासून त्यांनी केला नाही.

"आता भांडत बसतीस का हात लावतीस?" आक्का म्हणाली. "कूस बदलायची हाय त्यांची."

आक्कानं पदर खोचला आणि नवऱ्याचा लुळा हात धरून ओढला. आण्णांच्या घशातून आवाज आला.

"अगं, वढू नगं! खांदा निखळंल त्यांचा!"

पूर्णिमा पुढं झाली. पलंगाशी गुडघ्यावर बसली, आण्णांच्या डोळ्यांच्या पातळीला आली, आणि रोजच्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "शित्सुरेइ शिमास. योको ओ मुकिमास ने." माफ करा, आता कुशीवर वळू या हं. माणसाला हात लावण्याआधी त्याला सांगायचं, हे तिथं तिच्या अंगात मुरलं होतं.

आण्णा घाबरून बघत राहिले. सगळं अंग ताठ.

"कुणाशी बोलतीस?" आक्का ओरडली. "त्ये काय जपानी हाईत? बापाशी मराठीत बोल की!"

पूर्णिमानं तोंड उघडलं. शब्दच येईनात. या घरात बाप-लेकीत बोलणं ते केवढं? जेवला का, निघालो, पोचलो. तुमचा पाय उचलतेय, दुखलं तर सांगा, असं या घरात कोण कुणाला कधी म्हणालं होतं? ती वाक्यं तिला फक्त तिकडचीच येत होती.

गोठ्यात मोरी हंबरली.

"हिचं आणिक एक," आक्का म्हणाली. "ह्ये पडल्यापासनं धड पान्हा सोडंना."

सोडेल कशी? आण्णांनी कधी कुठल्या म्हशीच्या कासेला थेट हात घातला नव्हता. आधी तिच्या पाठीवर तळवा टेकवायचे, तो तसाच ठेवून 'भिऊ नगं, हां... हां...' असं बोलत राहायचे. लहानपणी दावणीशी बसून पूर्णिमानं ते किती वेळा ऐकलं होतं.

तिनं आण्णांच्या पाठीखाली हात सारून तळवा टेकवला. तसाच ठेवला.

"हात लावतो हं आण्णा. भिऊ नगासा. हिकडं वळायचं जरा. हां... हां... अस्सं."

आण्णांचं अंग हळूहळू सैल पडलं. तिनं गुडघा दुमडला, खांद्याला आधार दिला, आणि ते तिच्याकडं वळले. डाव्या डोळ्यातलं पाणी नाकावरून उशीत उतरलं. पूर्णिमा पाठीवरचा हात काढेना.

दाराला टेकून आक्का बघत होती. मघाचा आवाज पार उतरला होता.

"मला न्हाई गं जमत असं. मी नुसतं वढतो."

"शिकवतो तुला. सोपं हाय."

"तुला चार वर्षं लागली."

पूर्णिमानं दुसऱ्या हातानं आण्णांची चादर वर ओढली.

"ऱ्हा की गं."

"आक्का, उद्याची गाडी हाय, परवाचं इमान. परीक्षा चुकली तर एवढ्या सगळ्या संध्याकाळी..."

"लोकांच्या म्हाताऱ्यांस्नी रोज असं बोलतीस व्हय, तिकडं?"

"कामच हाय त्ये."

"मग जा. मी कुठं आडवतोय? पर येवढं सांगून जा." आक्कानं पलंगाकडं बोट केलं. "उद्यापासनं ह्यांच्याशी असं कोण बोलायचं?"

आण्णांची नजर लेकीच्या तोंडाकडं लागली होती.

मोरी पुन्हा हंबरली. पूर्णिमानं पाठीवरचा हात हळूच काढला, उशी नीट केली, कोपऱ्यातली धारेची बादली उचलली आणि गोठ्याकडं निघून गेली.