चित्राची वरची बाजू

पुतणीचा फोन आला तेव्हा मी अंगणात धान वाळत घालून कोंबड्या हाकत बसलो होतो. ती पुण्याला असते, कॉम्प्युटरवर काम करते. दर रविवारी फोन करते. आधी बापाला करायची, आता बाप नाही म्हणून मला करते. जेवले का, गोळी घेतली का, थंडी पडली का, एवढंच बोलणं. त्या रविवारी म्हणाली, "मोठे बाबा, बाबाचं ते पुस्तक नवीन निघून राह्यलं."

"कोनतं?"

"ते दुसऱ्या जगाच्या चित्राचं. सुधारित आवृत्ती हाय. कागद मोठा, चित्रं जास्त. आधी नाव टाकन त्यालेच भेटन म्हणते. मागवू का?"

विचार करून सांगतो, म्हटलं. तेवढ्यात एक कोंबडी धानात शिरली. तिच्याकडे पाहत राहिलो, हाकलली नाही.

चौथी शिकलेल्या माणसाच्या घरी विलायती पुस्तक कसं, असं लोक आधीही विचारायचे. विचारायचे म्हणजे हसायचे. त्यांना मी कधी उत्तर दिलं नाही. इथे सांगतो.

आम्ही दोघं भाऊ नाटकाचे पडदे रंगवत होतो. दिवाळी झाली की होळीपर्यंत आमच्या झाडीपट्टीत गावोगावी नाटकं होतात. वडशाच्या प्रत्येक नाटक कंपनीला पडदे लागायचे: राजवाडा, रस्ता, जंगल, गरिबाची झोपडी, श्रीमंताचा दिवाणखाना. घरं, खांब, जिने माझ्याकडे. आभाळ, पाणी, झाडं धाकट्याकडे. नागभीडच्या अलीकडे आमचं गाव, तिथे एका बंद पडलेल्या राइस मिलच्या शेडमध्ये आमचं काम चालायचं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात नाव माझं असायचं. मोठा मी होतो. त्याला त्याचं काही वाटत नसे, निदान तो बोलला नाही.

एकदा रंग आणायला नागपूरला गेला आणि फुटपाथवरच्या रद्दीतून हे पुस्तक घेऊन आला. पुठ्ठा नव्हता, शिलाई उसवलेली, पानं सुटी. पंख नसलेली विमानं, दोन चंद्रांचं आभाळ, लाल वाळू, काचेच्या घुमटात वसलेली गावं. विज्ञानाच्या कल्पित गोष्टींसाठी काढलेली चित्रं आहेत, असं शाळेतल्या मास्तरांनी वाचून सांगितलं. भाऊ म्हणाला, "गोष्टी राहू द्या मास्तर. आभाळ पाहा ना, कसं मारलं!"

आमची कामाची रीत अशी. चित्रावर पेन्सिलीनं चौकोन पाडायचे. तेवढेच चौकोन निळीत बुडवलेल्या दोरीनं कापडावर मारायचे. दोन्हीकडे आकडे टाकायचे, वरच्या डाव्या कोपऱ्यात एक, तिथून पुढे. मग चित्राच्या एका चौकोनात जे आहे ते कापडाच्या त्याच आकड्याच्या चौकोनात मोठं करून भरायचं. पान चौकटीला चिमट्यानं लटकत असायचं, त्याला सरस लागायचा, रंगाचे अंगठे लागायचे. पडदा झाला की पान संपलं. असं करता करता अर्ध्याहून जास्त पुस्तक आम्ही संपवलं.

त्यात एक पान होतं. काठापर्यंत छापलेलं, त्यावर अक्षर नाही, आकडा नाही. पाठीमागे निव्वळ काळं. चित्रात टोकदार मनोरे, शंभरेक असतील, त्यांना बारीक बारीक खिडक्या, खिडक्यांत उजेड. एका बाजूला काळा डोंगर, दुसऱ्या बाजूला पिवळं धुकं, आणि मधोमध एक यान, लिंबाच्या फोडीसारखं. एका कंपनीला स्वप्नातल्या प्रवेशासाठी पडदा हवा होता. मालकानं तेच पान उचललं.

मी पान चौकटीला लावलं. काळा डोंगर खाली, मनोरे त्यातून वर उभे, वर पिवळं आभाळ. धाकटा आला, मान वाकडी केली आणि म्हणाला, "भाऊ, उलटं लावलं."

"काऊन?"

"हे शहर लटकून हाय. वर खडक हाय, खालून उजेड येऊन राह्यला."

"घर कधी लटकते का गा? वटवाघूळ हाय का ते?"

"हे आपल्या इथलं घर होय का?"

"घर कुठचंबी असो, जमिनीवर उभं राह्यते. घरं मी काढतो का तू?"

पडदा माझ्या म्हणण्याप्रमाणे झाला. चमक यावी म्हणून त्यानं तेलरंग घ्यायला लावला, तेवढं मी ऐकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण जिथे जिथे तो पडदा लागायचा तिथे हा माझ्या कानाशी येऊन म्हणायचा, "उलटा हाय भाऊ."

मग एका गावी मी पोहोचलो आणि पाहतो तर मनोरे छताला लटकून होते. धाकट्यानं माझ्या मागे पडद्याच्या खालच्या काठालाही बांबू घालायचा नेफा शिवला होता आणि पडदा फिरवून टांगला होता. कोपऱ्यातलं माझं नाव वर, तेही उलटं. टाळ्या तेवढ्याच पडल्या. एकालाही फरक कळला नाही. विंगेत उभा राहून धाकटा पोट धरून हसत होता.

त्या हंगामभर मी त्याच्याशी बोललो नाही. एकाच शेडमध्ये, एकाच डब्यातला रंग, मधे त्याची पोरगी निरोप न्यायची. "मोठे बाबा म्हणते निळा पुरे." "बाबा म्हणते थोडा लागन." पुढे बोलणं सुरू झालं, पण त्या चित्रावर कोणी मागे हटलं नाही. फ्लेक्स आला, पडदे रंगवणं बंद पडलं, शेड विकलं गेलं. तरी दोघं म्हातारे पारावर बसलो की तो मध्येच म्हणायचा, "लटकून होतं भाऊ." मी म्हणायचो, "उभं होतं." लोक समजायचे, म्हाताऱ्यांचं काहीतरी आहे. मूळ पान तर पहिल्याच हंगामात सरसानं लडबडून गेलं होतं. पाहून खरं-खोटं करायची सोय नव्हती.

या वर्षी तो गेला. ताप आला, गडचिरोलीला दवाखान्यात नेला, चौथ्या दिवशी गाडीतून परत आणला. पुण्यानुमोदनाला गाव जमलं. मी सतरंज्या टाकल्या, भात पुरतो का ते पाहिलं, माणसं बसस्टँडवर सोडली. रडलो नाही. लोक म्हणाले, म्हातारा कठोर आहे. कठोर काही नाही. दात काढायला डॉक्टर सुई देतो, मग आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं आहे. अजून तसंच आहे. पारावर जातो, बसतो. कोणी काही म्हणत नाही.

म्हणून पुतणीचा फोन मला नकोसा झाला. नवीन पुस्तकात ते पान असणार. त्याखाली आकडा असणार, वरची बाजू कोणती ते कळणार. मग एक जण खरा आणि एक खोटा ठरणार, आणि दोघांपैकी इथे मी एकटा. मी खरा ठरलो तर सांगू कोणाला? आणि तो खरा ठरला तर? हे मनात आलं, पण त्याचंही फार काही वाटलं नाही. फक्त उत्तर देववत नव्हतं.

पुढच्या रविवारी ती म्हणाली, "मोठे बाबा, मोबाईलवर आतली पानं दाखवते. ते चित्र हाय का पाहू?"

"नाई पाहाचं."

"मंग मागवू का नको, ते तरी सांगा."

"सांगतो म्हटलं ना."

मनोऱ्यांचा तो पडदा कुरखेड्याकडच्या एका शेतकऱ्यानं घेतला होता, हे मला माहीत होतं. कंपनी मोडली तेव्हा पडदे असेच गेले. एकदा पाहून यावं, मग काय ते ठरवावं, असं मनानं घेतलं. वडशाला बस बदलून गेलो. घर सापडलं. दाराशी त्या घरची बाई सूप घेऊन बसली होती.

"कोन पायजे भाऊ?"

"तुमच्या इथी नाटकाचा एक पडदा हाय. तो पाहाचा होता."

"इकाचा नाई तो."

"मले घ्याचा नाई. मीच काढला तो."

तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. "तुमी? मले वाटलं, काढनारा कोनी दारूडा असन."

मागच्या खळ्यात मळणीसाठी थांबलेलं धानाचं पुंजणं होतं, पेंढ्यांची उंच रास, वर निमुळती. दव पडू नये म्हणून त्यावर पडदा टाकलेला. तेलरंगामुळे कापड ताडपत्रीसारखं कडक झालं होतं. पिवळं पांढरं पडलेलं, काळं राखेसारखं. यान मात्र दिसत होतं, नेमकं माथ्यावर. काळ्या डोंगराचा काठ या उतारावर जमिनीला टेकला होता, पिवळ्या धुक्याचा काठ त्या उतारावर. दोन्ही टोकं खालीच. कोपऱ्यात माझ्या नावाची दोन अक्षरं उरली होती.

"हे काय हाय भाऊ?" बाईनं विचारलं. "सासरे म्हणत, स्वर्ग हाय. पोरं म्हणते, जबडा हाय, दात पाहा."

"शहर हाय."

"कोनतं?"

"इथलं नाई. दुसऱ्या जगातलं."

"हो का. मंग तिथल्या लोकायले सांगा, दोन वर्सं झाले, माह्यं धान राखून राह्यले." ती हसली. मग काठ उचलून म्हणाली, "पन एक सांगा, दोनीकडं नेफा काऊन केला? बाकीच्या पडद्याले एकीकडंच राह्यते."

"दुसरा माह्या भावानं शिवला."

"अकलेचा दिसते तुमचा भाऊ. दोनीकडं दगडं भरतो आमी. वाऱ्यानं हालत नाई."

मी पुंजण्याभोवती फिरलो. या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं. भावाच्या नेफ्याची शिवण मजबूत होती, माझ्या नेफ्याची दोन जागी उसवली होती. बाईनं चहा दिला. प्यायलो आणि परत निघालो.

घरी येऊन मीच फोन केला. रविवार नव्हता, त्यामुळे ती घाबरली. "काय झालं मोठे बाबा?"

"काई नाई. मागव ते पुस्तक."

का म्हटलं, ते नीट सांगता येत नाही. एवढं माहीत आहे की नको म्हटलं असतं तर पोरीला वाटलं असतं, म्हातारा भ्याला. आणि ती तिच्या बापाची पोरगी आहे, बोलूनही दाखवलं असतं.

किंमत तिनं सांगितली नाही, मी विचारली नाही. महिन्याभरानं ती स्वतःच पुस्तक घेऊन आली. वरचं प्लास्टिक तसंच होतं. म्हणाली, "मीबी पाह्यलं नाई. तुमच्यासोबत पाहाचं ठरवलं."

ओसरीवर उन्हात बसलो. तिनं प्लास्टिक काढलं. पुस्तक एवढं जड की मांडीवर दोन्ही हातांनी धरावं लागलं. नवीन चित्रं बरीच होती, मशीनवर काढल्यासारखी स्वच्छ. आमची जुनी पानं मध्ये मध्ये लागत होती. दोन चंद्रांचं आभाळ आलं तेव्हा ती म्हणाली, "हे बाबानं जंगलाच्या पडद्यात टाकलं होतं." मी मान हलवली. पानं उलटत गेलो.

मग ते आलं.

वर काळा खडक, मनोरे त्याला लटकलेले. खालून पिवळा उजेड. तळाला बारीक अक्षरांत काढणाऱ्याचं नाव आणि पानाचा आकडा, दोन्ही सरळ.

पोरगी पानाकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती.

"छापणाऱ्यानं उलटं छापलं," मी म्हटलं.

"मोठे बाबा, सुधारित आवृत्ती हाय ही."

"सुधारता सुधारता चुकला."

ती हसली. बापासारखंच, पोट धरून. मग हसणं मध्येच थांबलं आणि पदर नसताना पदर शोधावा तसा तिचा हात चेहऱ्याकडे गेला. चेहरा पुसून म्हणाली, "बाबा असते तर?"

"असता तर त्याच्याबी तोंडावर हेच सांगितलं असतं."

ती आत चहा ठेवायला गेली. मी पानाकडे पाहत बसलो. काही तरी होईल, असं वाटलं होतं. झालं नाही. चित्र मात्र उघडं उघडं दिसत होतं. चौकोनांशिवाय ते मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. कोनाड्यातली पेन्सिल घेतली, पट्टी घेतली आणि चौकोन पाडायला लागलो. हात हलतो आता, तरी रेघा बऱ्या आल्या. उभ्या झाल्या, आडव्या झाल्या.

पोरगी चहा घेऊन आली. "अगा माय! नव्या पुस्तकावर?" म्हणाली, पण थांबवलं नाही. बाजूला बसली. निरोप नेता नेता लहानपणी तिनं हे काम इतकं पाहिलं आहे की चौकोनांनंतर आकडे येतात, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून, हे तिला माहीत होतं.

"मोठे बाबा, एक कुठी टाकता?"

पेन्सिल माझ्या हातात होती. पुस्तक सरळ धरलं होतं, म्हणजे छापणाऱ्याच्या मतानं सरळ.

"टाकतो," मी म्हटलं. "घाई काय हाय."