कापणारे मास्टर, शिवणाऱ्या आम्ही

शिवणाच्या दुकानात रोज झाडून काढलं तरी टेबलाखाली चिंध्या साचतातच. किश्शांचंही तसंच. चिंध्या निदान उशीत भरता येतात. किस्से कुठं भरणार? पोटात ठेवले की टोचतात. म्हणून सांगून मोकळी होते. मी चौथी शिकलेली बाई, गोड बोलायला मला येत न्हाई. कुणाला लागलं तर लागू द्या!

दुकान आमचं घनसावंगीत, तहसीलच्या रस्त्याला. मालक रहीम मास्टर. मशीनवर मी आणि संगीता. टेलरिंगमध्ये एक रीत असते. जो कापतो तो मास्टर, जो शिवतो तो कारागीर. कारागिरानं मास्टरच्या कात्रीला हात लावायचा न्हाई. मी त्या दुकानात जवानी घातली, पण गिऱ्हाइकाच्या कोऱ्या कापडाला कधी कात्री लावली न्हाई.

आणि खरं सांगू? मास्टर नवं कापड टेबलावर पसरून त्यावरून तळहात फिरवायचे ना, तेव्हा माझं मशीन आपोआप थांबायचं. पाय चालायचेच न्हाईत.

*

मास्टर मूळचे जेंट्सवाले. सफारी शिवावी तर त्यांनीच. तहसीलमधले साहेब लोक त्यांच्याकडं खेटे घालायचे म्हणे. मंग रेडीमेड आलं, साहेब लोक मॉलात जायला लागले, आणि मास्टरच्या टेबलावर राहिले शाळेचे ड्रेस आणि आम्हा बायांचे ब्लाउज. बोर्डावर मात्र अजून 'जेंट्स स्पेशालिस्ट'! ब्लाउजवाली आली की मास्टर आधी सुनवायचे, "ये अपना काम नै बाई. तुम आये इसलिए करता."

एकदा शाळेवर नवीन आलेली एक मॅडम आली. विचारते, "तुम्हाला जमेल ना?"

झालं! मास्टर ताठ. "बाई, इस टेबल पे मैं कैसे कैसे तहसीलदार काटा, मालूम?"

मॅडमनं ब्लाउजपीस छातीशी धरला आणि दाराकडं सरकली. मी म्हणलं, "बसा हो मॅडम. सगळे जिवंत हायत, नुसते रिटायर झालेत!"

*

संगीताचं वेगळंच. पोरगी बी.ए. झालेली. बँकेच्या परीक्षा देऊन राह्यली. पहिल्या दिवशीच सांगितलं, "मावशी, मी इथं टेंपरवारी हाय हं." तसं म्हणता म्हणता तिच्या मशीनच्या खुर्चीला तिच्या बसण्याचा खड्डा पडला.

एक दिवस मैत्रिणीचा फोन आला. ती मैत्रीण पुण्यात नोकरीला. संगीता म्हणते, "अगं, ऑफिसात आहे मी." तिकडून विचारलं असेल, हे काय वाजून राह्यलंय. कारण माझं मशीन धडाधड चालू. संगीता म्हणते, "प्रिंटर गं! जुना आहे, फार आवाज करतो."

तेवढ्यात मास्टर टेबलावरून ओरडले, "ओ प्रिंटरवाली! काज-बटन हुए क्या?"

फोन बंद. तोंड लाल. 

*

मास्टरचे डोळे जाऊन राह्यले होते. हे आम्हाला कळत होतं, त्यांच्या बेगमला कळत होतं, समोरच्या चहावाल्याला कळत होतं. फक्त मास्टरला कळत न्हवतं.

सुईत दोरा जाईना की शिव्या सुईवाल्या कंपनीला. "छेदच बारीक करून राह्यले हरामखोर! बचत करते!"

मंग मी आणि संगीतानं एक युक्ती काढली. सकाळी मास्टर यायच्या आधीच सुयांत दोरे ओवून त्यांच्या सुयांच्या छोट्या गादीत खोचून ठेवायच्या. मास्टर यायचे, एक सुई उपसायचे, डोळ्यांपुढं धरायचे आणि आमच्याकडं बघून छाती फुगवायचे.

"देखा? हात को आदत है. आँख का काय काम!"

आम्ही माना खाली घालून मशीन चालवायचो.

*

असंच एकदा एका बाईचं ब्लाउज कापलं. शिवायला माझ्याकडं आलं तर दोन्ही बाह्या डाव्या! कापड समोरासमोर घालायचं विसरले की असं होतं. नवशिक्याचं होतं, मास्टरचं होत न्हाई. मी दोन्ही बाह्या त्यांच्यापुढं ठेवल्या.

मास्टरनं चाचपून बघितल्या. मंग म्हणाले, "बाई के हाथ में फरक होगा."

"मास्टर, त्या बाईला मी वळखते. एक हात डावा हाय, एक उजवा!"

"तो मंग तू जोड लगा दे. बहुत बोलती तू."

लावला जोड. जोड लावण्यात माझा हात कुणी धरत न्हाई. पण कापायचं म्हणलं की मी मागं सरायची. आमच्या आईनं लहानपणापासून डोक्यात भरवलेलं, कापणारा गडी असतो, शिवणारी बाई असते. मला साऱ्या गावाशी भांडता यायचं. आईच्या त्या एका शब्दाशी भांडता येत न्हवतं.

*

मंग मी काय करायची? घरी पेपर कापायची. पेपर पसरायचा, खडूनं आखायचं आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल, मंग गळा, बाही सगळं कापायचं. कापून झालं की चुलीत.

एक दिवस आमचे मालक, म्हणजे नवरा हो, चहा घेऊन पेपर वाचायला बसले. पेपर उघडला तर पलीकडची भिंत दिसायला लागली!

"अगं ए! माझ्या राशिभविष्याला मुंढा कुणी पाडला?"

म्हणलं, "नीट बघा, बराबर बसतोय का!"

हसले बिचारे. मंग जरा वेळानं त्याच भोकातून माझ्याकडं बघत म्हणाले, "किती दिवस पेपरच कापणार?"

मी पेपर त्यांच्या हातातून ओढला आणि चुलीत घातला.

*

लगीनसराई होती. एक बाई लेकीचं लग्नातलं ब्लाउज घेऊन आल्ती. जरीचं कापड, मोजून मापून आणलेलं. चुकलं तर दुसरा तुकडा मिळायचा न्हाई. "मास्टर, तुमच्याच हातानं कापा," म्हणून गेली.

दुपारची वेळ. रस्त्यावर ऊन असं की डोळे दिपावेत. दुकानात ट्यूब चालू, पंखा चालू. मास्टरनं कापड पसरलं, हात फिरवला, आखलं. कात्री उचलली. आणि तशीच धरून उभे राहिले. आमची दोघींची मशीनं थांबली.

मंग मास्टर म्हणाले, "बत्ती गई क्या?"

डोक्यावर पंखा गरगरत होता. संगीता, ती टेंपरवारी पोरगी, हळूच उठली, पंख्याचं आणि ट्यूबचं बटन बंद केलं आणि म्हणाली, "हो मास्टर. गेली."

मास्टरनं कात्री ठेवली. "आयेगी तब देखेंगे," म्हणाले आणि भिंतीला हात लावत लावत घरी गेले.

*

कापड टेबलावर तसंच. लग्न तोंडावर. संगीतानं लाइट लावली आणि माझ्यापुढं उभी राहिली.

"मावशी, उठा."

"मला न्हाई जमणार."

"मंग दुकानाला कुलूप लावू? मास्टर कापू शकत न्हाईत, तुम्ही कापत न्हाई. मला काय, मी टेंपरवारी!"

अशी चिडले मी त्या पोरीवर! त्या चिडीतच उठले आणि कात्री घेतली. कोरं कापड कापताना जो आवाज येतो ना, पेपरला तो येत न्हाई. कापून झालं आणि मी खाली बसून रडले. संगीता घाबरली, "चुकलं का?" म्हणलं, "न्हाई गं बाई, न्हाई चुकलं!"

दुसऱ्या दिवशी मास्टर आले. तुकडे टेबलावर होते. त्यांनी अंगठा मुंढ्याच्या कडेनं पूर्ण फिरवला. गळ्यावरून फिरवला. बाह्या एकावर एक ठेवून बघितल्या.

"किसने काटा?"

"मी."

म्हणलं, आता नोकरी गेली.

"कैंची को तेल दिया था?"

"न्हाई."

"देते जाना. नै तो हात दुखता." एवढं बोलून बाहेर गेले. त्याच आठवड्यात पोरासोबत जालन्याला जाऊन डोळ्याचं ऑपरेशन करून आले. इतके दिवस ज्याच्यावरून त्यांच्या घरात बेगमशी भांडणं चालली होती ते!

*

ऑपरेशननंतर मास्टर बरेच दिवस आले न्हाईत. त्यांची ती शिवीगाळ, ती खोकल्याची ढास, "काज-बटन हुए क्या", काहीच न्हाई. दुकान कसं परक्याचं वाटायला लागलं. मी कापायला उभी, आणि गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "मास्टर न्हाईत? मंग नंतर येऊ." कापड काखेत तसंच घेऊन जायचं. मला वाटायचं, मास्टर आजच्या आज यावेत. आणि वाटायचं, आले तर मला पुन्हा मशीनवर बसावं लागेल. दोन्ही एकदमच वाटायचं. ज्यानं हे भोगलंय त्यालाच कळेल.

*

ईद जवळ आल्ती. एक दिवस मास्टर दारात उभे. काळा चष्मा, काखेत पिशवी. मी टेबलापासून बाजूला झाले. "या मास्टर," म्हणून कात्री त्यांच्यापुढं धरली.

ते टेबलाकडं आलेच न्हाईत. गिऱ्हाइकाच्या बाकावर बसले. त्या बाकावर बसलेलं मी त्यांना जन्मात बघितलं न्हवतं. पिशवीतून पांढरं कापड काढलं.

"कुर्ता-पायजमा. ईद के पैले होना."

"तुम्हीच कापा की मास्टर. आता तर दिसून राह्यलं ना?"

"सब दिसता," म्हणाले. "पंखे पे कितनी धूल है वो बी दिसता."

तेवढ्यात एक बाई आत आली. हीच मागं दोनदा 'मास्टर न्हाईत' म्हणून दुकानाच्या दारातून परत गेल्ती. मास्टर दिसले तशी माझ्याकडं न बघता सरळ बाकाकडं गेली. "बरं झालं मास्टर, आले तुम्ही! एवढं ब्लाउज तुमच्या हातानं कापून द्या. जल्दी हाय."

मास्टर उठले न्हाईत. जरा सरकले आणि बाकावर तिला जागा करून दिली.

"बैठो बाई. पैले मेरा नंबर है."