दोन बंद घरं आणि माझं नाव

मांडवीत घरी बसून मी कर्नल दुरुस्त करतो. म्हणजे संगणकाच्या अगदी तळाशी चालणारा प्रोग्राम. शिकलो ते कॉलेजात नाही, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीत. ज्या पुण्याच्या कंपनीसाठी काम करतो, तिथले साहेब ते कधी विसरले नाहीत.

कर्नलमधली प्रत्येक वस्तू किती जणांनी धरली आहे, याचा आकडा ठेवलेला असतो. शून्य झाला की वस्तू मोडीत. पण दोन वस्तू एकमेकींनाच धरून बसल्या, तर शून्य कधी होतच नाही. त्यांना हुडकायला कर्नलमध्येच वेगळा सफाईवाला प्रोग्राम असतो. तोच वापरातल्या वस्तू मोडू लागला आणि गिऱ्हाइकाची यंत्रं बंद पडू लागली. कारण मी शोधलं. साहेबांना ते कळेना.

"आमच्या वाडीत दोन चुलत भाऊ," मी सांगितलं. "मुंबईला जाताना किल्ली शेजारी ठेवायची, ही रीत. एकाने दुसऱ्याच्या घरात ठेवली. मग दुसराही निघाला, त्याने आपली पहिल्याच्या खिडकीतून आत टाकली. बाहेर किल्लीच नाही. सफाईवाला म्हणतो, पाडा दोन्ही. पण तो मोजत असतानाच जावई येतो, काठीने किल्ली ओढतो आणि आत जाऊन झोपतो."

"आणि घर पाडलं जातं!"

"जावयासकट. म्हणून मोजणी संपेपर्यंत खिडक्यांना कडी. तेवढंच मी केलंय."

साहेब पोट धरून हसले. पुढे दुरुस्ती जाहीर झाली तेव्हा लेखक म्हणून साहेबांचं नाव. माझं खाली, दोष कळवणारा म्हणून. मी फोन लावला.

"लेखक मी आहे."

"अहो, टीमचंच काम ना?"

"मग दोघांची नावं घाला. माझं आधी."

"असं करू, चाचणी करणारा म्हणूनही घालतो. दोनदा नाव येईल तुमचं!"

"साहेब, मी बंदरावर वाढलोय. सुरमई स्वतः ठेवून मला दोन बांगडे दाखवू नका!"

त्यांनी फोन ठेवला. कर्नलमध्ये कोणती दुरुस्ती घ्यायची हे ठरवणाऱ्यांना मी थेट लिहिलं. उत्तर सभ्य होतं: काम उत्तम आहे, पण आत गेलेल्या दुरुस्तीचा लेखक बदलता येत नाही.

आता त्या ओळींबद्दल कुठूनही शंका आली, की ती साहेबांकडे जाते. साहेब ती मला पाठवतात, वर "जरा बघता का?" मी बघतो. उत्तर देत नाही.