दोन गुणांसाठी कुंभिवली

दातांच्या डॉक्टरला नोंदणी टिकवायची तर दर पाच वर्षांनी व्याख्यानं-कार्यशाळांना बसून ठरावीक गुण जमवावे लागतात. माझे दोन कमी होते आणि मुदत संपायला चार दिवस. गुण नाहीत तर दवाखान्याला कुलूप! तेवढ्यात कुंभिवलीजवळच्या एका रिसॉर्टमधली कार्यशाळा सापडली: हिरड्यांना टाके घालायचा सराव, तोही शेळीच्या जबड्यावर. (माणसं सरावासाठी तोंड देत नाहीत हो.) सकाळच्या सत्राचे दोन गुण, दुपारचे दोन. म्हटलं, सकाळचे पदरात पाडू आणि दुपारी मस्त भटकू!

चिंचवडहून खोपोलीला एसटीने या, पुढे शेअर रिक्षा, माणशी चाळीस. घाटात खिडकी सोडू नका. मी तर गाणी म्हणत आले.

रिसॉर्टच्या तळमजल्यावर दार उघडं होतं आणि टेबलावर शेळीचा जबडा. आणखी काय विचारायचं? पहिल्या रांगेत बसून मी भराभर टिपणं काढली: दुधाचे दात, दोनदाती, चारदाती. शेजारच्या हिराबाई जवळच्या वाडीवरून आल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "बाई, तुमच्या शेळ्या किती हायत?"

"एकही नाही. मी दातांची डॉक्टर."

"अगं बया! शेळ्यांच्या?"

ते शेळीपालनाचं प्रशिक्षण होतं, दातांवरून शेळीचं वय ओळखायचा तास! माझा वर्ग वरच्या मजल्यावर. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. मी पळणार, तर अंगणात एक शेळी आणलेली, आणि ती कोणालाच तोंड उघडू देईना. हिराबाईंनी तिच्यापुढे नुसता तळवा धरला.

"आदी हात हुंगू द्या तिला. भ्यालेलं जनावर त्वांड उघडंल का?"

शेळीने सावकाश हुंगलं आणि तोंड उघडू दिलं. उशीर झाला होता, तरी माझा पाय निघेना.

वर नोंदणीच्या टेबलावरच्या बाई ठाम होत्या. "मॅडम, सकाळच्या सह्या बंद झाल्या."

"मग दुपारी?"

"बारा जागा, बारा नावं. कोणी नाही आलं तर बघू."

माझं हसू पळालं. जेवणात झणझणीत पिठलं आणि तांदळाची भाकरी होती, पण मी दुपारसाठी येणारी डोकी मोजत बसले. दोन वाजले, अकराच जण बसले होते. बारावे डॉक्टर पेशंटमुळे अडकल्याचा फोन आला आणि मी त्या खुर्चीवर अक्षरशः उडी मारली! सहा टाके घातले, निघताना सही केली, दोन गुण मिळाले. भटकंती बुडाली ती बुडालीच. परतताना खोपोलीहून लोकलने कर्जतला आले, तिथे स्टेशनवर मात्र दोन गरम वडे हाणले आणि पुण्याची गाडी धरली.

परवा दवाखान्यात एक मिशीवाले गृहस्थ ओठ घट्ट मिटून बसले. एरवी मी तोंडात घालायचा छोटा आरसा घेऊन सरळ पुढे झाले असते. या वेळी तो त्यांच्याच हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, अंगठ्याने चाचपला, परत दिला आणि तोंड उघडलं.

प्रमाणपत्र मी फाइलला लावलंय. त्यावर हिराबाईंची सही हवी होती.