डांबऱ्याचे वकील

आमच्या आळीतले भाऊ वकील रोज सकाळी कोर्टात जाण्याआधी कुत्र्याची शी बघायला जात. काळा कोट, काळी टोपी, काखेत छत्री अशा थाटात ते आळीच्या दगडी गडग्याशी वाकत, चष्मा सावरत आणि काडीने उलटसुलट करून पाहत. एकोणीसशे तीसच्या आसपासची ही गोष्ट. मी लग्न होऊन चिपळूणहून रत्नागिरीला नुकतीच आले होते. सासूबाई म्हणाल्या, "तिकडं बघू नको गो. माणूस हुशार, पण डोक्यात किडा." सगळी आळी तोंडाला पदर लावून हसायची. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

हा कुत्रा, डांबऱ्या, तसा कुणाचाच नव्हता. आळीत जन्मला, आळीत वाढला. राखण सगळ्यांच्या घरांची करायचा आणि काळजी एकट्या भाऊंना. ते म्हणायचे, "सूनबाई, कोर्टातला साक्षीदार शपथ घेऊन खोटं बोलतो. हा मुका. याची साक्ष इथं पडलेली असते, ती वाचायला नको?" मग ते अगदी गंभीरपणे समजावत. तपकिरी हवी, घट्ट हवी पण दगडासारखी नको, उचलली तर आकार मोडता कामा नये. पातळ झाली तर कुणीतरी फणसाचे गरे घातले असं समजावं. शेंबडासारखं चिकट आलं तर आतडं चिडलंय. चुन्यासारखी पांढरी, भुसभुशीत असेल तर हाडं जास्त झाली. "आणि कुंथून कुंथून काहीच आलं नाही तर मात्र धावायचं!"

फणसाच्या दिवसांत त्यांची दारोदार भांडणं व्हायची. "तुझ्या पोराला हगवण लागली की डॉक्टर आणि याला लागली की धोंडा? कुठला न्याय हा?" असं विचारून ते स्वतःच्या घरची मऊ पेज डांबऱ्यापुढे ठेवत.

गणपतीत भाऊ आंजर्ल्याला आपल्या मूळ घरी जात. त्या वर्षीही गेले. आमच्याकडे गौरीला तिखटा नैवेद्य असतो. श्रावणभर सोवळी राहिलेली आळी त्या दिवशी मटणावर तुटून पडते. घराघरातून हाडं निघाली आणि सगळी एकट्या डांबऱ्यापुढे पडली. मुक्या जनावराला घास घातला म्हणून जो तो खूश. भाऊ असते तर एकेकाला झोडपून काढलं असतं.

पुढं डांबऱ्या खाईना. पाठ कमानीसारखी वाकवून लाळ गाळत बसायचा. दादा बागायतदारांचा नातू त्याचं शेपूट ओढायला गेला तेव्हा तो अंगावर गुरगुरून धावला. दात लागला नाही, पण झालं! पिसाळला, पिसाळला म्हणून पोरं दगड घेऊन निघाली. दादांनी डुकरं मारायला ठेवलेल्या शिकाऱ्याला सांगावा धाडला.

तेवढ्यात भाऊ सर्व्हिस मोटारीतून उतरले. ट्रंक रस्त्यातच टाकून ओरडले, "पिसाळला म्हणता, त्याची शी कुणी बघितलीय काय?" कुणीच बघितली नव्हती. त्यांनी आपल्या उपरण्याने डांबऱ्याला स्वतःच्या पडवीत बांधला आणि पोटाला हात लावला. पोट दगड झालं होतं.

"भाऊ, तुमच्या या घाणेरड्या छंदापायी माझा नातू मरायचा," दादा ओट्यावरून गरजले.

"मी बांधून ठेवलाय ना? पाहिजे तितके दिवस ठेवीन. तो कुणाला चावायचा नाही."

मी पाणी कोमट करून दिलं. भाऊंनी सगळ्या आळीदेखत कुत्र्याला साबणाच्या पाण्याचा एनिमा दिला, पोटाला खोबरेल चोळलं. बऱ्याच वेळाने पांढरे, कठीण गोळे पडले. त्यांत हाडांचे तुकडे होते, रक्तही होतं. डांबऱ्या दमून आडवा झाला, मग घटाघटा पाणी प्यायला.

भाऊंनी ते केळीच्या पानावर घेतलं आणि दादांच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. "हे तुमचं पिसाळणं! तुमच्याच बोकडाची हाडं आहेत."

दादा नाक धरून मागे सरले. "असेल बरा. पण आता शिकाऱ्याला माघारी कसा पाठवू? लोक काय म्हणतील?"

तोवर शिकारी पडवीत शिरलाही होता. डांबऱ्याने त्याला बघून शेपटी हलवली. मी "थांबा, थांबा" म्हणून ओरडले, पण सुनेच्या ओरडण्याला कोण विचारतो? बार झाला तेव्हा भाऊ अजून दादांच्या ओट्यावरच होते.

"खटला जिंकलो, सूनबाई," परत आल्यावर ते म्हणाले. "फाशी देऊन झाली होती." आळी म्हणाली, बरं झालं, उगाच धोका कशाला. एकाही माणसाच्या जिवाला लागलं नाही.

त्यानंतर भाऊ गौरीला आंजर्ल्याला कधी गेले नाहीत. दरवर्षी त्या दिवशी घमेलं घेऊन दारोदार फिरत, "हाडं यात टाका!" म्हणून ओरडत आणि सगळी खोल पुरून टाकत. लोक टाकत आणि हसत.

काही वर्षांनी भाऊ वारले तेही गणपतीच्या तोंडावरच. भेटायला आलेले म्हणत होते, माणूस सज्जन, पण ते कुत्र्याचं वेड! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गौरीच्या दिवशी सासूबाई नको नको म्हणत असताना मी आमचं घमेलं उचललं आणि सगळ्यांत आधी दादांच्या दारात जाऊन उभी राहिले.

दादा हसले. "भाऊ गेले आणि आता तुम्ही काय, सूनबाई?"

"हसा," मी म्हटलं, "पण आधी हाडं टाका."