चिमीच्या पुस्तकात नसलेली कविता

आमच्या घराण्यात पुस्तकवाली माणसं दोनच. एक माझी धाकटी बहीण चिमी आणि दुसरा मी. लिहिलं तिनं, पण ते तयार झालं माझ्यासमोर. मी सातवीतच शाळेला रामराम ठोकून ट्रकवर गेलो. चिमी मात्र शिकली आणि टेलिफोन एक्सचेंजमध्ये लागली.

काय रुबाब होता त्या खोलीचा! लांबलचक लाकडी बोर्ड, त्यात भोकंच भोकं, समोर उंच स्टुलांवर कानाला हेडफोन लावून बसलेल्या मुली. इकडची दोरी उपटायची, तिकडे खुपसायची, की दोन गावची दोन माणसं बोलायला लागायची. आजच्या पोरांना सांगितलं तर थाप वाटते. मी लांबून फोन लावला की नेमकी चिमीच लाइनवर.

"चिमे, मी दादा!"

"नंबर सांगा."

"अगं, तुझा सख्खा भाऊ बोलतोय!"

"सख्ख्या भावानं नंबर सांगावा. मागे लोक थांबलेत."

आणि बोलणं रंगात आलं की मध्येच, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" भीडभाड म्हणून नाही. मी चिडायचो आणि नंतर ट्रकवाल्यांत छाती फुगवून सांगायचो, "आमची बहीण आहे. कायद्याला पक्की."

त्या खोलीचा नियम एकच. कानावर आलेलं खोलीतच सोडून यायचं. कोणाला नोकरी लागली, कोणाचं लग्न मोडलं, गावात सगळ्यात आधी तिला कळायचं. पण घरी विचारलं तर म्हणायची, "आज गर्दी होती." बस्स! आई म्हणायची, "हिच्या पोटात विहीर आहे विहीर."

त्या विहिरीतलं पाणी कवितेत उतरत होतं, हे मला फार उशिरा कळलं. नवी यंत्रं आली, बोर्ड निघाला, चिमीला बिलांच्या खिडकीवर बसवलं. तेव्हा एकदा जेवताना म्हणाली, "दादा, मी कविता करते. पुस्तक काढायचं म्हणतेय. ऐकशील?" मला वाटलं, असेल काहीतरी चांदणंबिंदणं. पहिलीच ऐकली आणि हातातला घास हातातच राहिला.

मग मी गावात असलो की रोज संध्याकाळी जमिनीवर कागद पसरायचे. ती वाचायची, मी ऐकायचो. "हा शब्द दाताखाली खडा आल्यासारखा येतो," म्हटलं की आधी माझ्याशी कडाकडा भांडायची आणि मग गुपचूप तो शब्द काढायची. पण खरी मेहनत वेगळीच होती. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून ती एकेक कविता पालटायची. मुलगा होता तिथं मुलगी केली. दवाखान्याची शाळा झाली. एका म्हाताऱ्या मास्तरांना तर तिनं सुतार करून टाकलं. पालटूनही कविता उभी राहिली तर ठेवायची, नाहीतर सरळ फाडायची. ऐकून ऐकून मला सगळ्या पाठ झाल्या.

एकच कविता काही केल्या पालटेना. एक शब्द हलवला की सगळी कोसळायची. एका बाईच्या कॉलची होती. याहून जास्त मी सांगणार नाही. आणि प्रकाशकाला नेमकी तीच आवडली. म्हणाला, "ताई, हिच्यासाठी मी पुस्तक काढतो. पहिल्या पानावर हीच." मी लगेच गल्लीभर सांगून आलो.

चिमीची मात्र झोप उडाली. ती बाई हयात होती, गावातच राहत होती. शेवटी एका रविवारी चिमी म्हणाली, "दादा, चल. तिला विचारून येऊ."

"डोकं ठिकाणावर आहे ना? तिला कळणार कसं? ती थोडीच कविता वाचत बसलीय!"

"तिला नाही कळणार. पण मला माहीत आहे ना."

गेलो. दोन खोल्यांचं घर, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल. बाई थकलेली, पण चिमीचा आवाज ऐकताच म्हणाली, "तू ती तीन मिनिटंवाली ना गं?" चिमीनं कशासाठी आलो ते सांगितलं आणि कविता वाचली. बाई भिंतीकडे बघत होती. संपल्यावर म्हणाली, "परत वाच." चिमीनं परत वाचली.

"हे माझंच आहे ना?"

"हो. तुमचंच."

"मग माझ्याकडेच राहू दे, बाळ."

चिमीनं कागद तिच्या हातात ठेवला.

रस्त्यात मी तोफखाना सुरू केला. "अगं, पुस्तकाचा कणाच देऊन आलीस! आता काढतोय होय तो पुस्तक!" ती एवढंच म्हणाली, "हळू चाल, माझ्या चपलेचा अंगठा तुटलाय."

दुसऱ्या दिवशी तिनं प्रकाशकाकडची प्रतही मागून आणली आणि फाडली. झालं माझंच खरं. त्यानं सगळं बाडच परत केलं. "मग आता राहिलं काय, ताई?"

काय राहिलं ते दाखवायला मी त्याच्या दुकानात गेलो. खुर्ची ओढली आणि उरलेल्या कविता एकामागून एक तोंडपाठ म्हणायला लागलो. आमचा आवाज म्हणजे हॉर्न लागत नाही असा. गिऱ्हाईकं पुस्तकं खाली ठेवून ऐकत उभी राहिली. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "दादा, छापतो, पण आता बसा!" चिमी म्हणते, त्याचं मन आधीच वळलं होतं. म्हणू दे.

पुस्तक निघालं. लहानसं, पण देखणं. प्रकाशनाला सभागृह भरलं होतं आणि मला दोन कविता म्हणायचा मान होता. मी चार म्हटल्या. टाळ्या थांबेनात. तेवढ्यात प्रकाशक माझ्या कानाशी आला, पण माईक चालूच होता, "दादा, ती एक होऊन जाऊ द्या की! छापायची नव्हती, म्हणायला काय हरकत आहे? तुम्हाला पाठ असणारच."

लोक सरसावून बसले. पहिली ओळ माझ्या जिभेवर आलेली होती. समोर चिमी रुमाल मुठीत आवळून बसली होती.

"ती मला येत नाही," मी म्हणालो.

उभ्या आयुष्यात मी कुठल्याच गोष्टीला असं म्हटलेलं नव्हतं. प्रकाशक हसला. "म्हणजे दादांनाही न येणारं काहीतरी आहे तर!" सगळं सभागृह हसलं. मीही हसण्यावारी नेलं आणि खाली उतरलो. चिमीनं माझ्याकडे न बघता शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मला जागा करून दिली.